झोपलेला हेडलाइट : मोटर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

चिकलठाण्याहून जालना रस्त्याने शेंद्र्याकडे निघाले की गॅरेजवाले, टायरवाले, बॅटरीवाले आणि ऑटो इलेक्ट्रिशियन यांची दुकाने लागतात. यांतील बरेच कारागीर आपल्या बिरादरीतले आहेत. ट्रकचा डायनॅमो, ट्रॅक्टरचा सेल्फ, रिक्षाची वायरिंग ही त्यांची रोजची कामे. बारीक कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. परंतु एखादी अनोळखी विलायती गाडी दारात उभी राहिली की यांतील पुष्कळ जण दोन पावले मागे सरतात. “हे आपले काम नाही, कंपनीत न्या” असे सांगून आलेले गिऱ्हाईक परत पाठवतात. आमच्या मते ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते, आणि तिच्यामुळे चांगली मजुरी हातची जाते. याचे एक उदाहरण आम्ही अलीकडे डोळ्यांनी पाहिले. त्यावरून आजचा हा लेख.

एका संध्याकाळी आम्ही चिकलठाण्यातील ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनकडे बसलो होतो. तेवढ्यात एक लाल, बुटकी, दोन आसनांची गाडी आली. माझदा कंपनीची एमएक्स-५, १९९० च्या आसपासची. या गाडीचे हेडलाइट दिवसा बोनेटमध्ये झाकलेले असतात आणि बटण दाबले की वर येतात. याला पॉप-अप हेडलाइट म्हणतात. या गाडीचा उजवा दिवा नीट वर आला, पण डावा अर्ध्यावर येऊन थांबला, पेंगुळलेल्या डोळ्यासारखा. मालक तीन ठिकाणी फिरून आले होते. एका ठिकाणी मोटर जळाल्याचे सांगून परदेशातून नवी मागवण्याचा सल्ला मिळाला होता. दुसऱ्या ठिकाणी “दोन्ही दिवे कायमचे वर करून टाकतो” असे सांगण्यात आले. तिसऱ्याने काहीच न सांगता दोन वायरी कापून पुन्हा जोडल्या होत्या, आणि त्या जोडावर काळी टेप गुंडाळलेली दिसत होती.

आमच्या उस्तादांनी अशी गाडी पूर्वी कधी उघडली नव्हती. त्यांनी बोनेट उचलून दिव्याच्या मागची मोटर पाहिली, तिची दांडी पाहिली आणि म्हणाले, “साहेब, ही तर वायपरची मोटर आहे.”

हे वाक्य ऐकूनच आम्ही हा लेख लिहायचे ठरवले. वायपरची मोटर ज्याने खोलली आहे त्याला पॉप-अप हेडलाइट खोलता येतो, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. बाकीचा सारा तपशील आहे, परंतु तो कामाचा आहे.

प्रथम हे दिवे आले कोठून ते थोडक्यात पाहू. १९३६ च्या कॉर्ड ८१० या अमेरिकन मोटारीत प्रथम झाकलेले दिवे बसवले गेले. त्यासाठी विमानाचे लँडिंग लाइट वापरले होते आणि चालकाला डॅशबोर्डवरील हँडल हाताने फिरवून एकेक दिवा उघडावा लागे. पुढे १९६२ च्या लोटस एलान गाडीत हेच काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर होऊ लागले. मग विजेच्या मोटरीचा जमाना आला. फियाट एक्स१/९, ट्रायम्फ टीआर७, पोर्शे ९२४ आणि ९४४, माझदा आरएक्स-७, टोयोटा एमआर२ अशी कितीतरी नावे घेता येतील.

या दिव्यांमागे शोभा तर होतीच, पण कायदाही होता. अमेरिकेत १९४० पासून मोटारींना ठरावीक मापाचे सीलबंद दिवेच लावावे लागत, आणि पुढे दिवा जमिनीपासून किमान २२ इंच उंच हवा असाही नियम आला. स्पोर्ट्स गाडीचे नाक तर जमिनीलगत. तेव्हा दिवा लपवायचा आणि लागेल तेव्हा वर काढायचा, ही युक्ती निघाली. १९८३ मध्ये तेथील नियम बदलला, हव्या त्या आकाराचे दिवे चालू लागले आणि पॉप-अपची गरज कमी होत गेली. पुढे पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियमही आड आले. २००४ नंतर मोठ्या कारखान्यातून अशी नवी गाडी निघालेली नाही. म्हणजे आज आपल्याकडे येणारी अशी प्रत्येक गाडी वीस वर्षांहून जुनी असणार. तिचे रबर, तिचे ग्रीस आणि तिची वायरही तेवढीच जुनी असणार. निदान करताना ही गोष्ट विसरू नये.

आता मोटरीची रचना. एमएक्स-५ सारख्या गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर असते. मोटरीच्या आत वॉर्म आणि गिअर, बाहेर एक क्रँक, आणि क्रँकपासून दिव्यापर्यंत एक दांडी. मोटर एकाच दिशेला फिरते. अर्धा फेरा झाला की दिवा वर, उरलेला अर्धा झाला की दिवा खाली. कोठे थांबायचे हे गिअरवरची तांब्याची चकती ठरवते. तिच्यावर काही पट्ट्या घासत असतात, आणि ठरलेल्या जागी संपर्क तुटला की मोटरीचा प्रवाह बंद होतो. वायपर बंद केल्यावर काचेच्या कडेला येऊनच थांबतो, तो ज्या पार्किंग स्विचमुळे, त्याचाच हा भाऊ. फरक इतकाच की वायपरला थांबण्याची एक जागा असते, याला दोन. पोर्शे ९४४ मध्ये मात्र दोन्ही दिव्यांना मिळून एकच मोटर असते आणि आडव्या दांड्याने दोन्ही दिवे उचलले जातात. तेव्हा गाडीत मोटर एक आहे की दोन, हे आधी पाहावे.

हात घालण्याआधी एक ताकीद. अडकलेला दिवा हाताने वर काढण्यासाठी मोटरीच्या बुडाला एक गोल मूठ असते, बहुधा रबरी टोपीखाली झाकलेली. ती बाणाच्या दिशेने फिरवली की दिवा हळूहळू वर येतो. परंतु ती फिरवण्यापूर्वी त्या मोटरीचा फ्यूज काढावा, किंवा सरळ बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. अर्ध्यावर अडकलेली मोटर संपर्क जुळताच एकदम फिरू शकते, आणि मग बोट दांडी व पत्रा यांच्यामध्ये सापडते. शिकाऊ मुलांना ही गोष्ट पहिल्या दिवशीच सांगून ठेवावी.

तपासणीची सुरुवात डोळ्यांनी आणि कानांनी करायची असते, पान्याने नव्हे. दोन मोटरींच्या गाडीत दोन्ही दिवे मुळीच हलत नसतील तर दोन्ही मोटरी एकाच दिवशी मेल्या असे समजू नये. दोष दोघींच्या सामाईक वाटेवर असतो, म्हणजे फ्यूज, रिले किंवा बटण. एकच दिवा अडत असेल तर दोष त्या बाजूलाच शोधावा. तेथे कपलर, अर्थ, मोटर आणि दांडी एवढ्याच जागा आहेत. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दिवा हलत नाही, तर वीज निर्दोष आहे. गिअरचे दात गेले असतील किंवा क्रँकचा नट ढिला झाला असेल. दिवा सारखा वर-खाली करत राहिला, थांबतच नाही, तर ती थांबवणारी तांब्याची चकती खराब झाली आहे किंवा रिले चिकटला आहे. या शेवटच्या प्रकारात मोटर फार वेळ चालू देऊ नये, तापून खरोखरच जळेल.

आमच्या समोरच्या गाडीत एकच दिवा अडत होता आणि मोटर कण्हल्यासारखा आवाज करत होती. उस्ताद म्हणाले, “मोटर मेलेली नाही, उपाशी आहे.” मालकांना ते पटेना. कारण आधीच्या एका ठिकाणी टेस्टर लावून दाखवला होता, टेस्टर छान पेटत होता, म्हणजे करंट येतोय, म्हणजे मोटर गेली, असा हिशेब झाला होता.

येथेच आपले पुष्कळ कारागीर फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. छोटा टेस्टर, त्यातही एलईडीचा, अगदी नाममात्र प्रवाह घेतो. गंजलेल्या जोडातूनही तेवढा प्रवाह सहज जातो आणि टेस्टर झगझगीत पेटतो. मोटर मात्र कित्येक अँपिअर मागते, आणि अडलेली मोटर तर आणखीच जास्त. तेवढा प्रवाह गंजलेल्या जोडातून जाताना दाब तेथेच खर्च होतो. नळाला पाणी येते का हे थेंबावरून ठरवता येत नाही, तसेच हे. म्हणून दाब मोजायचा तो मोटर जोर लावत असतानाच. मल्टिमीटर नसेल तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून वापरावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, त्यामुळे खरे-खोटे लवकर कळते.

उस्तादांनी मल्टिमीटर काढला. बटण दाबून मोटर कण्हत असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते. मोटरीच्या दोन तारांमध्ये मात्र ८.६. मग त्यांनी एक काडी मोटरीच्या अर्थ तारेला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. तेथे शून्याच्या जवळपास आकडा दिसायला हवा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थ संशयित समजावी. येथे ३.२ व्होल्ट दिसले. उरलेला अर्धा व्होल्ट कपलरमध्ये जात होता. म्हणजे परदेशातून मागवायची मोटर निर्दोष होती आणि दोष होता पत्र्यावर कसलेल्या एका लहान बोल्टमध्ये. बोल्ट खोलला तर खाली तपकिरी भुगा निघाला. पत्रा घासून चकचकीत केला, नवा थिंबल लावला, वरून जरासे ग्रीस. कपलरच्या पिना साफ केल्या. दिवा एका दमात वर आला.

गिऱ्हाईक खूश झाले, पण उस्ताद थांबले नाहीत. मोटर इतके दिवस उपाशीपोटी ओझे उचलत होती, तेव्हा तिच्या कार्बनची आणि आर्मेचरची काय दशा झाली असेल ते पाहणे गरजेचे होते. कामातील चोखपणा म्हणतात तो हा. मोटर खोलली तर एक कार्बन अगदी बुडाशी आला होता. त्या मापाचा कार्बन बाजारात नव्हता. त्यांनी जरा मोठा कार्बन घेऊन पॉलिश पेपरवर घासून बरोबर बसवला. येथे लक्षात ठेवावे की कार्बन आपल्या घरात सहज सरकला पाहिजे. तो घट्ट बसला तर चार दिवसांत पुन्हा तक्रार येते. कम्युटेटर बारीक काचपेपरने हलक्या हाताने साफ करावा. एमरी पेपर वापरू नये, त्याचे कण फटींत अडकून कम्युटेटर खरवडतात. फटींतील कार्बनची धूळ टोकदार काडीने काढावी. गिअरबॉक्समधील जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते, ते रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊन पूर्ण काढावे आणि नवे लिथियम ग्रीस भरावे. तांब्याच्या चकतीवर मात्र ग्रीसचा थर देऊ नये. ती कापडाने पुसून, पट्ट्यांना किंचित दाब देऊन ठेवावी.

मोटरीच्या बुडाची रबरी टोपी फाटलेली असेल तर ती बदलल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. पावसाचे पाणी तेथूनच आत जाते. पाऊस संपून दोन महिने झाले की असे दिवे का अडू लागतात, याचे उत्तर बहुधा या टोपीत असते.

गिअरचे दात गेलेले असतील तर गोष्ट थोडी वेगळी. पुष्कळ अमेरिकन गाड्यांत, उदाहरणार्थ १९९७ ते २००४ च्या कॉर्व्हेटमध्ये, हा गिअर नायलॉनचा असतो आणि वयाबरोबर त्याचे दात झडतात. त्याआधीच्या, १९८४ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये मोटरीतील प्लास्टिकच्या गुटक्या भुगा होऊन जातात, आणि मग मोटर फिरते पण दिवा ढिम्म. चिकलठाणा एमआयडीसीत गिअर कापणारे लहान कारखाने आहेत. जुना गिअर नमुना म्हणून दिला, दातांची संख्या आणि वॉर्मचा पिच नीट मोजून दिला, तर पितळेचा गिअर कापून घेता येतो. पण एक इशारा. नायलॉनचा गिअर हा एक प्रकारे फ्यूजही असतो. दांडी अडकली तर तो तुटतो आणि मोटर वाचते. पितळेचा तुटणार नाही, मग मोटर तापेल. म्हणून पितळेचा गिअर बसवण्याआधी दांडी, बिजागरी आणि बुश हाताने फिरवून पाहावे. ते लोण्यासारखे फिरत नसतील तर आधी ते दुरुस्त करावेत.

रिलेबद्दल थोडेसे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या चार-पाच पिनांच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ३० वर बॅटरी, ८५ आणि ८६ मध्ये कॉइल, ८७ मधून पुढे प्रवाह. दिवा पेटवणाऱ्या रिलेच्या जागी हा बिनधास्त लावता येतो. परंतु दिवा उचलणारा रिले पुष्कळ गाड्यांत वेगळ्याच जोडणीचा असतो. त्याच्या जागी साधा रिले जबरदस्तीने बसवला की दिवे डोळे मिचकावू लागतात. त्या लाल गाडीत कापलेल्या दोन वायरी याच घाईच्या होत्या. त्या पूर्ववत करायला उस्तादांचा सर्वांत जास्त वेळ गेला. दुसऱ्याने केलेली मोडतोड दुरुस्त करणे हे नव्या बिघाडापेक्षा कठीण असते, हे प्रत्येक कारागीर सांगेल.

कधी दिवा वर येतो पण पेटत नाही. तेव्हा मोटरीकडे पाहण्याचे कारण नाही, तो सर्किटच वेगळा. बल्ब आणि फ्यूज पाहून झाल्यावर दिव्याबरोबर वर-खाली होणारी वायर तपासावी. हजारो वेळा वाकल्याने ती बिजागरीजवळ आतून तुटते. वरचे प्लास्टिक मात्र शाबूत असते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. दिवा चालू ठेवून वायर हलकेच वाकवली की तो लुकलुकतो. तेथे टेप न लावता मऊ, बारीक तारांची नवी वायर दोन-चार इंच सैल सोडून टाकावी.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गाड्या क्वचितच येतील, म्हणून फार लिहीत नाही. लोटस एलान किंवा १९६८ ते १९८२ ची कॉर्व्हेट असेल तर विजेचा मीटर बाजूला ठेवावा आणि रबरी नळ्या तपासाव्यात. त्या वयाने चिरतात. साठवणीची टाकी, एकदिशा व्हॉल्व्ह आणि दिव्यामागचा पडदा या तिन्ही जागी गळती होऊ शकते. एकेक नळी बंद करून पाहत गेले की गळती सापडते.

एमएक्स-५ च्या मालकांना आणखी एक आनंदाची बातमी उस्तादांनी दिली. या गाडीचा दिवा सात इंची गोल असतो, म्हणजे अँबॅसडर आणि जुन्या जीपला बसतो त्याच मापाचा. हेडलाइटची काच फुटली तरी सामान आपल्याच बाजारात मिळेल. फक्त परदेशातून आलेली काच असेल तर ती कोणत्या बाजूच्या वाहतुकीची आहे हे पाहावे. अमेरिकन दिव्याचा डिपर उजवीकडे प्रकाश टाकतो. आपल्या रस्त्यावर तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. बल्बही ६०/५५ वॅटचाच असावा. १०० वॅटचा टाकला तर एका दिव्याला साडेचारऐवजी सव्वाआठ अँपिअर लागतात आणि जुन्या कपलरचे प्लास्टिक वितळते. जालना रस्त्यावर रात्री समोरून येणारे प्रखर दिवे पाहून ज्यांना गाडी कडेला घ्यावी लागते त्यांना आणखी सांगायला नको.

हेडलाइटचा धंदा आपल्या शहराला परका नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. वाळूजमध्ये वाढलेल्या व्हॅरॉक कंपनीने २०१२ मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकन कंपनीचा मोटारींच्या दिव्यांचा जगभरचा व्यवसाय विकत घेतला होता. २०२२ मध्ये त्यातील युरोप आणि अमेरिकेकडचा भाग तिने विकला. मोठ्यांचा हिशेब मोठा. परंतु जुन्या दिव्यांच्या दुरुस्तीचा धंदा मोठ्या कंपन्यांना परवडत नाही. तो लहान दुकानदाराचाच आहे.

आता मजुरीचा प्रश्न, कारण शेवटी दुकान त्यावर चालते. त्या संध्याकाळी वापरलेल्या सामानाची किंमत दोन-तीन चहांच्या पैशांत बसली असती. काम मात्र साडेतीन तास चालले. आपल्याकडे सवय अशी की सामानाची किंमत मोठी असेल तर मजुरी मोठी सांगायला जीभ धजते, आणि सामान किरकोळ असेल तर मजुरी सांगताना संकोच वाटतो. मग मोटर निर्दोष असूनही ती बदलण्याचा मोह होतो. आम्हांला वाटते की दोष शोधण्याची मजुरी वेगळी आणि आधीच सांगावी. “एवढे तपासणीचे, त्यानंतर काय निघेल ते तुमच्यासमोर सांगेन” असे म्हटले तर समजदार गिऱ्हाईक नाराज होत नाही. मीटरवरील आकडे त्याला दाखवावेत. आमच्या उस्तादांनी ३.२ चा आकडा मालकांना वाचायला लावला होता, आणि बोल्ट घासल्यावर तोच आकडा ०.१ झालेलाही दाखवला होता. त्यानंतर मजुरीवर घासाघीस झाली नाही.

काम संपल्यावर दिवे वीस वेळा वर-खाली करून पाहिले, दहा वेळा इंजिन बंद ठेवून आणि दहा वेळा चालू ठेवून. मग गाडी भिंतीसमोर साधारण २५ फुटांवर उभी करून दोन्ही झोत एका उंचीवर आणले. दिवा वर आल्यावर ज्या बोल्टला टेकतो तो बोल्ट आत-बाहेर करून ही उंची जुळवता येते. झिजलेला कार्बन, जुना थिंबल आणि कापलेल्या वायरींचे तुकडे उस्तादांनी एका कागदात बांधून मालकांच्या हाती दिले. “तुमची अमानत” एवढेच म्हणाले आणि हात धुवायला गेले.